दुतोंड्या मारुती, क्युसेक आणि भिंतीवरची रेघ : चित्रकार आणि शास्त्रज्ञांनी सोबत काम केलेलं कुणी पाहिलंय का? (नाशिक)

गोदाकाठची_रेघ

नमस्कार मंडळी. मी पंचवटीतली, शाळेत चित्रकला शिकवते. जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज.

झालं असं की ओळखीतले एक सर आहेत, कॉलेजात भूगोल शिकवतात, पाऊस आणि नदी हाच त्यांचा विषय. ते म्हणाले हवामानबदलावर आपल्या नाशिकसाठी काहीतरी मिळून करू, मी माहिती देतो तुम्ही चित्रं काढा. ऐकून आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला, कारण असलं काम मी आधी एकदा केलंय. तीन वर्षांपूर्वी एका मोहिमेत आम्ही दहाबारा जणांनी एक लांबच लांब भिंत रंगवली होती. तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, हातात रोपटं घेतलेली मुलं, तेच सगळं. मजकूर आधीच लिहून आलेला, आम्ही फक्त रंग भरायचे. तुम्हाला या शहरात काय बदलताना दिसतंय असं आम्हाला एकानेही विचारलं नाही. उद्घाटन झालं, फोटो झाले आणि दिवाळीच्या आत त्या भिंतीवर क्लासची जाहिरात आली. भिंत गेली ते गेलं, पण ती होती तेव्हाही तिच्यामुळे कुणी काही वेगळं केलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता यावेळी डोक्यात काय आहे ते सांगते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मोबाईलवर मेसेज येतो, इतके इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे. मी तो आजीला वाचून दाखवते आणि ती दरवेळी एकच विचारते, "म्हणजे मारुतीच्या कुठवर?" आमच्याकडे सगळे निर्णय दुतोंड्या मारुतीवर, म्हणजे गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दोन तोंडांच्या मारुतीच्या मूर्तीवर होतात. गुडघ्याला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात, कंबरेला लागलं की गाड्या वर, छातीला लागलं की भांडी बाजारवाले खालचे कप्पे रिकामे करायला घेतात, आणि डोक्यावरून गेलं की मग सगळ्या गावाचे डोळे काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे. म्हणजे ज्या मूर्तीला आपण हात जोडतो तीच आपली मोजपट्टीपण आहे, आणि एवढी साधी गोष्ट मला चाळीशीत आल्यावर सुचली.

तर क्युसेक इंजिनिअरकडे, मारुती लोकांकडे, आणि या दोघांना जोडणारं काही कुठे काढलेलंच नाहीये. मला ते काढायचंय. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांचं पाणी जिथे जितकं चढलं होतं तिथल्या भिंतीवर त्याच उंचीवर रेघ. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, घाट.

विचारायचं हे की असं चित्रकार आणि शास्त्रज्ञांनी खरोखर सोबत बसून केलेलं काम कुणी पाहिलंय का, त्यातून महापालिकेच्या किंवा सरकारच्या एखाद्या निर्णयापर्यंत काही पोचलं का, आणि सुरुवात कुठून करायची? सरांना मी काय विचारलं पाहिजे तेही सांगा, नाहीतर परत तेच होईल, ते आकडे देणार आणि मी रंग भरणार.

पाटकरी_निवृत्त

ताई, मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं पूर नियंत्रण कक्षात रात्री जागून काढली. तुमच्या आजींचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण फोनवर लोक आम्हालाही हेच विचारायचे, आणि आम्ही त्यांना आकडाच परत सांगायचो. ती आमची चूक होती.

आधी क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. उन्हाळ्यात गावोगाव जातो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा, तसे २८ टँकर दर सेकंदाला. हे चित्र काढण्यासारखं आहे की नाही तुम्हीच सांगा.

पण इथेच एक सावधगिरी. इतके क्युसेक म्हणजे मारुतीच्या अमुक ठिकाणी असं कायमचं कोष्टक होत नाही. धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस आणि नाल्यांचं पाणी वेगळं येऊन मिळतं. होळकर पुलापाशी किती वाहतंय ते धरणातून किती सोडलं यापेक्षा वेगळं असू शकतं. शिवाय पात्रात भराव पडला, बांधकाम झालं, तळाला काँक्रीट आलं की तेवढंच पाणी वेगळ्या उंचीला चढतं. म्हणून सरांना पहिला प्रश्न हा विचारा की तेवढ्याच विसर्गाला पूर्वी पाणी कुठे असायचं आणि आता कुठे असतं. तो फरक सापडला तर तुमचं अर्धं चित्र तिथेच झालं.

दुसरं म्हणजे पूररेषा. नकाशात दोन असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. नदी ते निळी निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. आता लोकांना (आणि आमच्यातल्याही बऱ्याच जणांना) वाटतं की २००८ ला येऊन गेला म्हणजे आता पंचवीस वर्षं सुटका. तसं नसतं हो. दरवर्षी चार टक्के शक्यता, दरवर्षी नव्याने. निळ्या रेषेवर घर घेऊन २५ वर्षं राहिलात तर एकदा तरी पाणी दारात यायची शक्यता ६४ टक्के होते. लाल रेषेवर ३० वर्षं राहिलात तर २६ टक्के. हे मी कितीतरी बैठकांमध्ये सांगितलं, कुणाच्या लक्षात राहिलेलं दिसलं नाही. तुमच्यासारख्या कुणीतरी ते काढून दाखवायला हवं होतं.

आणि या रेषा मागच्या पावसावरून काढलेल्या असतात. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणून एकदम कोसळणारा पाऊस वाढतो. म्हणजे मागच्यावरून काढलेली रेष पुढच्याला पुरेलच असं नाही. हवामानबदल आपल्या गावात नेमका कुठे येतो विचाराल तर इथे.

भिंतीवर रेघ काढताना एकच पथ्य पाळा. लोकांना आठवते ती खूण आणि नकाशातली रेषा एकाच रंगात काढू नका. खूण ही साक्ष आहे, रेषा हा हिशोब आहे.

फक्की

गोदाकाठची ताई, मी डिझाईनचं शिकतेय, मूळची सिडकोची. तुमच्या कल्पनेच्या अगदी जवळचं एक काम न्यूयॉर्कला झालेलं आहे. ईव्ह मोशर नावाच्या चित्रकर्तीने २००७ मध्ये समुद्रसपाटीपासून दहा फुटांवरची रेषा शहरात प्रत्यक्ष आखली, ब्रुकलिन आणि मॅनहॅटनच्या खालच्या भागात, जवळजवळ ७० मैल, म्हणजे ११० किलोमीटरच्या वर. कशाने आखली माहितीये, मैदानावर फक्की मारायची गाडी असते ना तिने! रेषा कुठे मारायची ते हवामान शास्त्रज्ञांच्या अभ्यासावरून ठरवलं, आणि महिनोन् महिने ती बाई निळी रेष मारत चालत राहिली, कुणी थांबून विचारलं हे काय करताय की तिथेच उभी राहून सांगायची. २०१२ मध्ये सँडी वादळ आलं आणि त्यातला पुष्कळ भाग खरंच पाण्याखाली गेला.

मला यात सगळ्यात काय आवडतं तर ते चालणं. रेष पावसाने धुऊन गेली तरी चालेल, पण एका दुकानदाराला त्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहून कळलं की पाणी आपल्या कुठल्या बाजूला असणार आहे.

याच्या उलट खूप गाजलेलं काम म्हणजे ओलाफर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोझिंग यांनी ग्रीनलँडच्या समुद्रातले बर्फाचे ठोकळे आणून शहराच्या चौकात ठेवले, २०१४ ला कोपनहेगन, २०१५ ला हवामान परिषद चालू असताना पॅरिस, मग २०१८ ला लंडन. लोक बर्फाला हात लावायचे, कान लावायचे, आत अडकलेली जुनी हवा बुडबुडे फुटत बाहेर पडते तो आवाज ऐकायचे. फार सुंदर आहे, पण मला वाटतं आपल्याला तेवढ्या लांबून काही आणायची गरजच नाही, आपला मारुती आधीच पाण्यात उभा आहे.

सरळप्रश्न

मी जरा नाराज करणारं लिहितो, राग मानू नका. चित्राने माणूस हलतो हे मान्य, पण हलून पुढे काय?

नॉर्वेत मायकेल पिन्स्कीने २०१७ मध्ये पाच घुमट उभे केले होते, एकात दिल्लीची हवा, एकात लंडनची, बीजिंगची, साओ पाउलोची, आणि एकात तिथलीच स्वच्छ हवा. विषारी काही नव्हतं, वास आणि धूसरपणा सुरक्षित पद्धतीने तयार केलेला. मानसशास्त्राचे लोक सुरुवातीपासून त्यात होते आणि त्यांनी नंतर आलेल्या लोकांना तपासलं. बाहेर पडताना काहीतरी करायची इच्छा थोडी वाढलेली होती. पण लगेच करता येईल अशी एक गोष्ट समोर ठेवली, आपलं स्वतःचं उत्सर्जन मोजून बघायची, तर ती फारशी कुणी केलीच नाही. हे त्यांनी लपवलं नाही, छापलं, याबद्दल मला त्या लोकांचा आदर वाटतो.

आता अहमदाबाद बघा. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. डॉक्टर, हवामानवाले आणि महापालिका एकत्र बसले आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आहेत, पोस्टर आहेत, पण प्रत्येक रंगामागे कुणी काय करायचं ते लिहिलेलं आहे. लाल झालं की दवाखान्याने काय तयार ठेवायचं, पाणी कुठे ठेवायचं. रंग आणि काम एकमेकांना बांधलेले.

म्हणून ताई, तुमच्या रेघेला काय बांधलेलं असणार? पाणी या रेघेला आलं की कुणी काय करायचं? ते नसेल तर तीही दिवाळीपर्यंतच टिकणार. आणि दुकानदारांचं काय? दुकानाच्या भिंतीवर डोक्याएवढी पुराची रेघ, गाळ्याची किंमत पडेल म्हणून पहिला विरोध तेच करतील.

गोदाकाठची_रेघ

सरळप्रश्न, राग कसला, मला हेच हवं होतं. रेघेला काय बांधायचं हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, मी फक्त उंचीत अडकले होते. काल हे सगळं सरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, माझ्याकडे आलेख आहेत पण पाणी छातीला लागल्यावर भांडी बाजारातला माणूस आधी कुठला कप्पा रिकामा करतो हे मला माहीत नाही, ते तुमच्या आजीला माहीत आहे.

दुकानदारांचं म्हणाल तर माझ्या मामांचं दुकान तिथेच आहे. २००८ ला त्यांच्या दुकानात पाणी शिरलं होतं आणि आतल्या लाकडी खांबावर त्यांनी स्वतः खिळा ठोकून ठेवलाय, इथवर आलं होतं म्हणून. रंग देताना प्रत्येकवेळी तो खिळा सोडून रंग देतात. असे खिळे अजून किती दुकानांत असतील!

बागायतदार_निफाड

ताई मी निफाड तालुक्यातला, द्राक्षाची बाग आहे. तुमच्या पुराचं मला फार कळत नाही पण आकडा आणि चित्र याबद्दल एक अनुभव आहे तो सांगतो.

मी २००६ पासून वहीत लिहितो, छाटणी कोणत्या तारखेला, फुलोरा कधी, पाऊस कधी पडला, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) कधी आली. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की पुढचे दोनअडीच महिने पावसाचा थेंब नको असतो, फुलोऱ्यात पाऊस झाला की घडकुज, गळ, आणि मणी भरल्यावर झाला की मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी मार्चमधली गारपीट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, २०२३ ला २६ नोव्हेंबरला आमच्याकडे परत गारा झाल्या, उभी बाग काड्या होऊन गेली. एका रात्रीत.

तर झालं असं की मुलगी नाशिकला शिकते, तिने सुट्टीत माझी वही घेतली आणि रंगीत कागदाच्या पट्ट्या कापल्या. दर वर्षाची एक पट्टी, छाटणीपासून काढणीपर्यंत, पाऊस पडला तो दिवस निळा, गारा तो दिवस काळा, कोरडा तो पिवळा. ती म्हणाली परदेशात एड हॉकिन्स म्हणून शास्त्रज्ञ आहेत त्यांनी २०१८ मध्ये तापमानाच्या अशाच निळ्या लाल पट्ट्या केल्या, आणि त्याच्याही आधी त्यांच्याच विद्यापीठातल्या एका बाईंनी, त्याही शास्त्रज्ञच, दर वर्षाच्या तापमानाच्या रंगाची लोकर घेऊन पांघरूण विणलं होतं. म्हटलं म्हणजे गोधडीच की!

त्या पट्ट्या भिंतीवर लावल्या तर माझ्या स्वतःच्या डोळ्यात पाणी आलं. वहीत सतरा अठरा वर्षं मीच लिहिलेलं, पण निळं इतकं आत सरकत आलंय ते पट्ट्या लावल्यावर दिसलं.

पुढचं महत्त्वाचं. फळपीक विम्याची बैठक होती तिथे त्या पट्ट्या घेऊन गेलो. आमचं भांडण हे आहे की महसूल मंडळाला हवामान केंद्र एक, गारपीट पडते पट्ट्यापट्ट्याने, केंद्रावर कोरडं आणि माझ्या शिवारात काड्या. तोंडी सांगितलं की साहेब लोक म्हणतात पुरावा काय. पट्ट्या टेबलावर पसरल्या तर पहिल्यांदा कुणीतरी खुर्चीवरून उठून वाकून बघितलं. त्या दिवशी पैसे काही मिळाले नाहीत, खरं ते सांगतो. पण गावात दुसरा पर्जन्यमापक बसवायचा ठराव ग्रामसभेत झाला आणि आता आम्ही पाच शेतकरी एकाच नमुन्यात वही लिहितो, तो नमुना कृषी महाविद्यालयातल्या एका मॅडमनी करून दिला. म्हणून सांगतो, आकडे पण तुम्ही स्वतः मोजा. स्वतः मोजलेल्या आकड्यासाठी माणूस भांडतो.

सोंगाड्या_सुरगाणा

मी सुरगाणा तालुक्यातला, शिक्षक आहे. एक वेगळी बाजू मांडतो.

पर्यावरणाच्या कार्यक्रमाला आमच्याकडून वारली चित्रं मागवतात. मंडपाला, बॅनरला, पाहुण्यांना द्यायच्या फ्रेमला. चित्र काढणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की तुझी विहीर कुठल्या महिन्यात आटते. आमच्या पट्ट्यात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, पाऊस धो धो पडतो, तिकडे इगतपुरीला तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्याच जिल्ह्यात येवला नांदगावला पाचशेच्या आसपास. तरी एप्रिल मे मध्ये दोरीला धरून विहिरीत उतरणाऱ्या बाया आमच्याकडच्या असतात. पाणी पडतं आणि खाली वाहून जातं, डोंगर धरून ठेवत नाही. हे ज्ञान आहे, नक्षी नाही.

आमच्या गावात बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव होतो. रात्रभर संबळ वाजतो, एकेक सोंग येतं, कोणतं सोंग कुणाच्या घराकडे ते ठरलेलं. एकदा एका संस्थेचे लोक आले आणि म्हणाले बोहाड्यात हवामानबदलाचं सोंग आणा. म्हातारे नाही म्हणाले आणि मला ते पटलं. सोंग कुणाच्या सांगण्यावरून नाचत नाही. पण त्याच म्हाताऱ्यांकडे बसून भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी जमिनीवर काड्या खडे मांडून झऱ्यांचा नकाशा करून घेतला, कोणता झरा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, आता कधी आटतो. तो नकाशा नंतर पाणलोटाच्या कामाला वापरला, बांध कुठे घालायचे ते त्यावरून ठरलं. चित्र म्हणून कुठे लागलं नाही ते, पण मी त्याला चित्रच म्हणतो.

म्हणून ताई, तुम्ही आणि सर दोघंच बसू नका. घाटावर रोज असणारे लोक, फुलवाल्या, कपडे धुणाऱ्या, वाळूत बसणारे, पहिल्या दिवसापासून घ्या. आणि मानधन ठरवा, आधी ठरवा. कलाकाराला चहा आणि शास्त्रज्ञाला प्रवासभत्ता असं होतं ते नको.

पाटकरी_निवृत्त

सोंगाड्या सर, काड्याखड्यांच्या नकाशाचं वाचून खूप आनंद झाला.

सरळप्रश्न यांनी विचारलेलं रेघेला काय बांधायचं, त्यावर रात्री विचार केला. तीन खुणा पुरेत असं मला वाटतं. पाणी पहिल्या खुणेला आलं की गाड्या आणि हातगाड्या बाहेर. दुसऱ्या खुणेला वीज बंद, तळघरातली माणसं वर. तिसऱ्या खुणेला बाजार रिकामा, आणि कोणत्या गल्लीने निघायचं त्याचा बाण तिथेच भिंतीवर. हे नुसतं आपण ठरवून चालणार नाही, आपत्ती व्यवस्थापन कक्ष, अग्निशमन दल आणि व्यापाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. पण ते बसावेत यासाठी टेबलावर काहीतरी लागतं, ते तुम्ही काढा. शिवाय २०२७ ची सिंहस्थाची स्नानं भर पावसाळ्यात आहेत. घाटावर बाहेरगावची लाखो माणसं असणार, त्यांना दुतोंड्या म्हणजे काय तेही माहीत नसणार. इथला माणूस मारुतीकडे बघून पळेल, परका कशाकडे बघेल? तुमच्या अर्जाचं पहिलं वाक्य हेच ठेवा.

फक्की

काका, अंगावर काटा आला वाचून.

परवानगीसाठी एक सुचवू का? पहिल्या वर्षी भिंत रंगवूच नका. फक्कीच मारा, जमिनीवर, पुसली जाणारी. दुकानदारांना धोका वाटणार नाही. ज्यांच्याकडे मामांसारखा खिळा आहे त्यांच्याकडे फक्त त्या खिळ्याला एक छोटी पितळी पट्टी, भांडी बाजारातच करून घेऊ. तांबटांच्या हातची.

सरळप्रश्न

पितळी पट्टी आवडली. आणि तीन खुणा कृतीला बांधल्यात तर माझा आक्षेप मागे घेतो. फक्त अजून एक, हे सगळं कागदावर आणून ठेवा, मोजमाप, तारीख, कुणी सांगितलं, फोटो. विकास आराखडा किंवा नदीकाठचा एखादा प्रकल्प हरकती आणि सूचनांसाठी जाहीर होतो तेव्हा मुदत थोडी असते, तेव्हा धावपळ करून काही होत नाही. सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा, २०२५ च्या शेवटी, आपण सगळ्यांनी बघितलंच आहे. हातात मोजलेलं काहीतरी असलेली हरकत वेगळी पडते. मसुदा लिहायला मी येतो, ते काम मला जमतं.

गोदाकाठची_रेघ

मंडळी, काल आजीला घेऊन मामांच्या दुकानात गेले. मामा म्हणाले खिळा २००८ चा. आजीने खांबावर खिळ्याच्या वर हात ठेवला, साधारण वीतभर, आणि म्हणाली एकोणसत्तरला इथे. मामांना हे माहीतच नव्हतं, त्यांचा जन्म नंतरचा. तिने हात ठेवला तिथे मी पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि खाली तारीख लिहिली. सर म्हणाले आता हे मोजायचं, बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून लेव्हल आणायची, आठवण खरी की नकाशा खरा ते भांडण नको, दोन्ही मांडू.

रविवारी सकाळी सात वाजता नारोशंकराच्या पायऱ्यांशी भेटतोय. सर कॉलेजातून ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि चार विद्यार्थी आणणार आहेत. स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली मोजपट्टीची काठी, मात्र एकच आहे म्हणे, अजून एक कुणाकडे मिळेल का?

पाटकरी_निवृत्त

माझ्याकडे आहे, जुना लाकडी, चार मीटरचा. डंपीच्या, म्हणजे जुन्या लेव्हल यंत्राच्या काळातला आहे पण आकडे अजून स्वच्छ दिसतात. घेऊन येतो. आजींना खुर्ची ठेवा.